मोटारीची कांती

नवी मोटार घेणाऱ्या माणसाला आजकाल दोन किमती सांगितल्या जातात. पहिली मोटारीची, आणि ती देऊन झाली, किल्ली हाती पडायची वेळ आली, की दुसरी तिच्या रंगाच्या रक्षणाची. सिरॅमिक कोटिंग करून घ्यायचे की पारदर्शक फिल्म चिकटवून घ्यायची, असा प्रश्न समोरचा तरुण विक्रेता अशा काही गांभीर्याने विचारतो की, मुलीला मंगळसूत्र घालायचे की नाही असेच जणू तो विचारत असावा. पहिल्या मार्गाचा खर्च हजारांत असतो, दुसऱ्याचा पुष्कळदा लाखाच्या घरात जातो. घरातले चार जण चार मते देतात, आणि अखेर शेजाऱ्याने जे केले ते आपण करतो.

हा प्रश्न व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कशाला, असे काही श्रोत्यांना वाटेल. परंतु या प्रश्नामागे दीड-दोनशे वर्षांचा मोठा मनोरंजक इतिहास आहे. त्यात किडे आहेत, झाडे आहेत, दोन युद्धे आहेत. आणि तो इतिहास ठाऊक असला तर विक्रेत्याच्या पत्रकातला कोणता शब्द खरा आणि कोणता फुगवलेला हे आपले आपल्याला ओळखता येते. म्हणून आज मोटारीच्या यंत्राविषयी एक अक्षरही न बोलता केवळ तिच्या कातडीविषयी बोलायचे ठरवले आहे.

प्रारंभ आपल्या घरापासूनच करू. इंग्रजीत ज्याला लॅकर म्हणतात तो शब्द मुळात आपला आहे. संस्कृत लाक्षा, प्राकृतात लक्खा, मराठीत लाख. आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर तो युरोपात गेला. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर एक इवलासा किडा आपल्या अंगाभोवती राळेचे कवच तयार करतो, ते कवच म्हणजे लाख. म्हणजे लाख हे मुळातच संरक्षक आवरण आहे. किड्याने ते स्वतःसाठी केलेले असते आणि माणूस ते खरवडून आपल्या वस्तूंवर चढवतो. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरची झिलई ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिची शोभा निराळी सांगायला नको. आणि ती किती चटकन पेटते हे सांगायला महाभारतातील लाक्षागृह आहेच.

चीन-जपानातले रोगण मात्र किड्याचे नव्हे, झाडाच्या चिकाचे. ते झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातले. बिब्बा उततो तसा तो चिकही कारागिराच्या अंगावर उततो. या चिकाची एक गंमत आहे. कोरड्या हवेत तो नीट वाळत नाही. त्याला दमट हवा लागते, कारण त्यातले एक विकर ओलाव्याच्या साहाय्याने काम करते. १८८३ मध्ये योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने हे दाखवून दिले. दमटपणाने घट्ट होणारे आवरण ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. शेवटी तिच्याकडे पुन्हा यायचे आहे. युरोपीय कारागिरांना हे झाड मिळाले नाही, म्हणून त्यांनी डांबर, जवसाचे तेल आणि राळ एकत्र शिजवून त्याची नक्कल केली आणि त्या नकलेला ‘जपान’ असेच नाव दिले. लाखेचा शब्द भारताचा, नाव जपानचे आणि माल विलायती, असा हा प्रकार होता.

पहिल्या मोटारी म्हणजे घोडे काढून टाकलेल्या बग्ग्याच होत्या, आणि त्यांचा रंगही बग्गीचाच. जवसाच्या तेलातला रंग आणि वर राळेचे रोगण. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू शोषून घेते आणि सावकाश घट्ट होते. त्यामुळे एक हात द्यायचा, दिवस दिवस थांबायचे, प्यूमिस दगडाच्या पुडीने घासायचे, पुन्हा हात द्यायचा. चांगल्या बग्गीला असे पंधरा-वीस हात सहज लागत. धूळ नको, माशी नको, वारा नको. सारे मिळून तीन-चार आठवडे जात. वर्षाला पन्नास बग्ग्या करणाऱ्या कारागिराचे त्यात काही अडत नव्हते. पण ज्या कारखान्यातून रोज हजार मोटारी बाहेर पडायच्या तिथे तीन आठवड्यांची वाळवण म्हणजे वीस हजार सांगाडे कायम छपराखाली उभे! लोखंड कापायला, ठोकायला, जोडायला यंत्रे आली. पण जवसाच्या तेलाला घाई करायला लावणारे यंत्र कोणाकडे नव्हते.

हेन्री फोर्डने यातून काढलेली वाट प्रसिद्धच आहे. त्याची ‘मॉडेल टी’ १९०८ मध्ये आली तेव्हा ती हिरवी, लाल, निळी, राखी अशा रंगांत मिळे. १९१४ पासून १९२५ पर्यंत मात्र ती फक्त काळी झाली. डांबरी जातीचे काळे रोगण भट्टीत भाजून लवकर कडक करता येई, ते स्वस्त होते आणि टिकाऊही. काळ्या रंगाच्या आग्रहाविषयीचे फोर्डच्या नावावरचे एक वाक्य जगभर फिरत असते. त्यात विनोद असला तरी त्याच्या मुळाशी वाळवणीचा हिशेब होता, हे विसरले जाते.

आता थोडे विषयांतर. १८४६ च्या आसपास युरोपातल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी, एकमेकांशी काही संबंध नसताना, दोन शोध प्रसिद्ध केले. एक स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील शोनबाइन. त्याने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्यूरिक आम्लांची क्रिया करून बंदुकीचा कापूस तयार केला. स्वयंपाकघरात सांडलेले आम्ल बायकोच्या एप्रनने पुसले आणि एप्रन शेगडीजवळ वाळत घातल्यावर भडकन पेटला, अशी एक कथा त्याच्याविषयी सांगतात. दुसरा फ्रान्समधला एबेलमन. पुढे तो सेव्हर येथील चिनी मातीच्या सरकारी कारखान्याचा प्रमुख झाला. त्याने वाळूतल्या सिलिकापासून एक पातळ द्रव बनवला आणि पाहिले की, तो दमट हवेत उघडा ठेवला तर हळूहळू काचेसारखा घट्ट होतो. एकाने कापसाचा स्फोटक केला, दुसऱ्याने द्रवाची काच केली. मोटारीचा त्या वेळी पत्ताही नव्हता. परंतु विसाव्या शतकातला मोटारीचा रंग पहिल्यातून निघाला, आणि आज आपल्याला विकले जाणारे कोटिंग दुसऱ्याच्या वंशातले आहे.

बंदुकीच्या कापसाचेच सौम्य रूप म्हणजे नायट्रोसेल्युलोज. चित्रपटाची जुनी फीत त्याचीच असे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या फितीवर चित्रित केला तीही त्यातलीच. लाक्षागृहाचा गुण या पदार्थातही पुरेपूर आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या फितींच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या काळातील कितीतरी नायट्रेट फिती त्यात जळाल्या, ती हळहळ अजून अनेकांच्या मनात असेल. पहिल्या महायुद्धात या कापसाचे प्रचंड कारखाने उभे राहिले. १९१८ मध्ये युद्ध संपले, आणि बंदुकीला नको असलेला कापूस कुठे खपवायचा, हा प्रश्न अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीपुढे उभा राहिला.

नायट्रोसेल्युलोज विद्रावकात विरघळवून त्याचे रोगण करता येते हे आधीच माहीत होते. अडचण ही होती की ते मधासारखे दाट होई. फवारता येण्याइतके पातळ करावे तर वाळल्यावर हाती नावापुरता थर उरे. १९२० च्या जुलैमध्ये न्यू जर्सीतील पार्लिन येथे, ड्युपाँच्या फिल्मच्या कारखान्यात, सोडियम अॅसिटेट मिसळलेल्या मिश्रणाचे एक पिंप सुटीमुळे उन्हाळ्याच्या उकाड्यात तसेच पडून राहिले. कामगार परतले तेव्हा आतला गोळा पातळ पाकासारखा झाला होता. त्यातला कापूस कमी झाला नव्हता, फक्त दाटपणा गेला होता. या पिंपातून तीन वर्षांत ‘ड्यूको’ जन्माला आला.

त्याच सुमारास फवाराही तयार होता. ओहायोतील टोलेडो गावच्या डॉ. डेव्हिलबिस यांनी रोग्याच्या घशात औषध उडवण्यासाठी एक फवारणी बनवून १८८८ मध्ये तिचा व्यवसाय सुरू केला होता. त्यांच्या मुलाने १९०७ मध्ये त्याच तत्त्वावर रंगाची फवारणी बंदूक केली. कुंचला बाजूला पडला. घसा धुण्याचे हत्यार आणि बंदुकीचा कापूस एकत्र आले आणि जवसाच्या तेलाचे राज्य संपले.

जनरल मोटर्सचा संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग याच्याविषयी एक कथा सांगतात. रंगाच्या एका व्यापाऱ्याला त्याने जेवायला नेले. जेवण झाल्यावर व्यापारी आपली मोटार शोधू लागला, ती काही सापडेना. केटरिंग एका गाडीकडे बोट दाखवून म्हणाला, ही तुमचीच ना? व्यापारी म्हणाला, गाडी माझ्यासारखी आहे खरी, पण माझ्या गाडीचा रंग हा नव्हता. जेवण होईपर्यंत तिला ड्यूको फासून वाळवलेही होते! कथा रंगवलेली असेल, पण तिचा गाभा खरा आहे. ड्यूकोमधला विद्रावक नुसता उडून जातो, म्हणून तो मिनिटांत वाळतो. १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर तो निळ्या रंगात प्रथम बाजारात आला. आठवड्यांचे काम दिवसांवर आले.

आणि मग जे झाले ते व्यापाराच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. रंग स्वस्त झाला, हवा तो मिळू लागला, आणि दरवर्षी बदलता येऊ लागला. १९२७ मध्ये जनरल मोटर्सने हार्ली अर्लच्या हाताखाली रंगरूपाचा स्वतंत्र विभागच काढला. त्याच वर्षी दीड कोटी गाड्या करून झाल्यावर फोर्डला ‘मॉडेल टी’ बंद करावी लागली. शेवटच्या वर्षा-दीड वर्षात त्याने रंग परत आणले होते, पण उशीर झाला होता. गाडी चालते म्हणून ती ठेवावी, हा विचार तेव्हापासून मागे पडला. ती जुनी दिसते म्हणून बदलावी, हा पुढे आला. रंगाच्या रक्षणाची आजची चिंताही त्याच वेळी जन्मली, असे माझे मत आहे. काळ्या भाजलेल्या ‘टी’च्या चकाकीसाठी झोप उडालेला मालक मला तरी इतिहासात भेटलेला नाही. ड्यूको हे नाव मात्र आपल्याकडे इतके रुजले की, आजही सुतार कपाटाला ‘ड्यूको मारू का’ असे विचारतो, मग डब्यात काही का असेना.

ड्यूकोचा दोष हा की तो उन्हात मावळे. सहा-आठ महिन्यांत त्यावर खडूसारखी भुकटी धरे, ती घासून काढावी लागे, आणि घासल्यावर पुन्हा मावळू नये म्हणून वरून मेण लावावे लागे. शिकागोला १९१० पासून ‘सिमोनाइझ’ हे मोटारीचे मेण विकले जात होतेच. ड्यूकोने त्याला सोन्याचे दिवस दाखवले. या मेणातला सर्वांत नामांकित घटक म्हणजे कार्नोबा. हे मेण ब्राझीलच्या ईशान्येस, सेअरा, पिआउई या दुष्काळी प्रांतांतल्या एका ताडाच्या पानांवर येते. तिथला उन्हाळा कडक, पाऊस बेभरवशाचा. पानातला ओलावा उडू नये म्हणून ते झाड आपल्या पानांना स्वतःच मेण लावते. कोरड्या ऋतूत पाने तोडायची, उन्हात वाळवायची, झोडून त्यांवरची पूड पाडायची आणि वितळवून तिच्या वड्या करायच्या, असा तो उद्योग आहे. ते वितळायला ८० अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणून वैशाखात हाताला चटका देणाऱ्या पत्र्यावरही ते तग धरते. मधमाशीचे मेण त्याच्या कितीतरी आधी ओघळेल.

फरशीचे मेण करणाऱ्या अमेरिकेतील जॉन्सन कंपनीचा मालक एच. एफ. जॉन्सन १९३५ मध्ये या ताडाच्या शोधार्थ पाण्यावर उतरणाऱ्या एका छोट्या सिकोर्स्की विमानातून विस्कॉन्सिनहून थेट ब्राझीलमधील फोर्तालेझापर्यंत गेला. विमानाचे नावही ‘कार्नोबा’ ठेवले होते. १९९८ मध्ये त्याच्या मुलाने तशाच विमानातून तोच प्रवास पुन्हा केला. ही कथा जॉन्सन घराण्याला अभिमानाची आहे, आणि ती आहेही तशीच. पण ज्यांनी ती पाने तोडली त्यांची विमाने नव्हती. एकविसाव्या शतकातही ब्राझीलच्या सरकारी तपासनिसांना या ताडबनांत उघड्यावर झोपणारे, स्वच्छ पाणीही न मिळणारे, वेठबिगारीच्या अवस्थेतले मजूर सापडले आहेत. चकाकीची किंमत कोण देतो, हा प्रश्न मेणाच्या डबीत आपल्याला दिसत नाही.

१९३० नंतरची काही वर्षे मी भरभर ओलांडतो. अल्किड जातीचे एनॅमल आले, दुसऱ्या महायुद्धानंतर अॅक्रिलिक रंग आले. १९५० नंतरच्या पॉलिशांत सिलिकोनचे तेल आले, त्यामुळे घासण्याचे श्रम वाचले. पण पुढे त्याच पत्र्याला पुन्हा रंग द्यायचा झाला की तो ठिकठिकाणी माशाच्या डोळ्यासारखा गोल फाटू लागला आणि रंगारी मंडळी सिलिकोनला शिव्या देऊ लागली. गंजाविरुद्धचा खरा विजय याच काळात झाला, आणि तो कोणालाच दिसत नाही. सबंध सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून त्यातून वीज सोडायची, म्हणजे रंगाचा कण कानाकोपऱ्यात जाऊन बसतो, ही रीत जॉर्ज ब्रुअरने फोर्ड कंपनीत १९६० च्या सुमारास सिद्ध केली. समुद्राच्या खाऱ्या हवेत मुंबईतल्या जुन्या टॅक्सींचे तळ कसे चाळणी होत ते ज्यांना आठवते, त्यांना या बुडवणीचे महत्त्व पटेल. आजची गाडी गंजत नाही याचे श्रेय कोणत्याही कोटिंगचे नाही. ते या हौदाचे आहे.

त्यानंतर १९७० आणि १९८० च्या दशकांत मोठा पालट झाला. रंग आणि चकाकी या दोन गोष्टी वेगळ्या केल्या गेल्या. खाली रंगाचा अगदी पातळ, निस्तेज थर. त्यावर रंगहीन, पारदर्शक आणि चकचकीत असा निराळा थर. आज आपण मोटारीला हात लावतो तेव्हा तिच्या रंगाला आपला हात लागतच नाही. तो या पारदर्शक थराला लागतो. एक मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. कारखान्यातला सगळा रंग, तळापासून वरपर्यंत, साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला पारदर्शक थर साधारण ४०. आपल्या डोक्यावरचा केस ७०-८० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे मोटारीचे सारे तेज केसाच्या निम्म्या जाडीत सामावलेले आहे, आणि रंगाचे रक्षण म्हणून जे काही विकले जाते ते या केसाच्या निम्म्या जाडीचे रक्षण आहे. हा थर मुळात रंगाच्याच रक्षणासाठी आणला होता. आता रक्षकाला रक्षक नेमायची वेळ आली!

ही वेळ निष्कारण आली असेही नाही. पहिल्या पारदर्शक थरांना आम्लाचे वावडे होते. फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे कारखान्यांचा धूर, दमट हवा आणि ऊन यांचा असा काही मेळ जमला की नव्या गाड्यांवर आम्लाच्या थेंबांचे खड्डे पडू लागले. रंगाच्या कंपन्या आपले नमुने तिथे उन्हात मांडून परीक्षा घेऊ लागल्या. पुढचे थर सुधारले. तरी पक्ष्याची विष्ठा आणि झाडाचा चीक चार दिवस तापल्या पत्र्यावर राहिला तर आजच्या थरावरही डाग बसतो.

या भीतीवर बाजार उभा राहिला. १९३८ मध्ये रॉय प्लंकेटला योगायोगाने सापडलेल्या टेफ्लॉनचे नाव घेऊन अनेक पॉलिशे विकली गेली. तव्याला काही चिकटत नाही, मग गाडीला का चिकटेल, असा तर्क. परंतु टेफ्लॉन तव्यावर बसवायला सुमारे साडेतीनशे अंशांची भट्टी लागते. तितक्या उष्णतेत गाडीचा रंग जळून जाईल. थंड पत्र्यावर फडक्याने पुसलेला टेफ्लॉन तव्यासारखा बसणे शक्यच नव्हते. मला हा दाखला फार बोधक वाटतो, कारण आजच्या ‘सिरॅमिक’ या शब्दाचीही अशीच झाडाझडती घ्यायला हवी.

तर आता आजच्या दोन प्रतिस्पर्ध्यांकडे. फिल्मचे मूळ पुन्हा युद्धात आहे. पॉलियुरेथेन हा पदार्थ ओटो बायर याने जर्मनीत लेव्हरकुझेन येथे १९३७ मध्ये प्रथम केला. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन हेलिकॉप्टरांच्या पंख्यांच्या कडा उडत्या वाळूने झिजत. त्या कडांवर पॉलियुरेथेनची चिवट पट्टी चिकटवण्याची युक्ती निघाली. कठीण धातू झिजे आणि मऊ पट्टी टिके, कारण ती वाळूच्या कणाचा मार खाऊन दबते आणि पुन्हा उठते. पुढे हीच पट्टी शर्यतीच्या मोटारींवर आणि तिथून श्रीमंतांच्या गाड्यांवर आली. त्याआधी तिकडे गाडीच्या नाकाला रेग्झिनचे बुरखे बांधत. त्यांखाली पाणी साचून रंग उलट खराब होई. प्रारंभीच्या फिल्मही उन्हात पिवळ्या पडत आणि पांढऱ्या गाडीला कावीळ झाल्यासारखी दिसे. पॉलियुरेथेनची जात बदलल्यावर तो दोष पुष्कळ कमी झाला. आजची चांगली फिल्म १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, म्हणजे सबंध रंगापेक्षाही जाड. तिच्या वरच्या थरावरचे बारीक चरे उन्हाने आपोआप भरून येतात, हा दावा खरा आहे. खोल जखमा भरत नाहीत. मात्र याच नावाखाली पीव्हीसीची स्वस्त फिल्म खपवली जाते. तिच्यातला मऊपणा मिसळलेल्या तेलासारख्या द्रव्याचा असतो, तो उन्हात निघून जातो, आणि मग ती कडक होते व तडकते. पावतीवर पदार्थाचे नाव लिहून मागावे, हे उत्तम.

कोटिंग म्हणजे एबेलमनच्या द्रवाचे नातवंड. सिलिकॉनची संयुगे विद्रावकात असतात. ती पत्र्यावर फासली की विद्रावक उडतो, हवेतला ओलावा आत शिरतो आणि काचेच्या जातीचा पापुद्रा धरतो. जपानी रोगणासारखेच हेही दमटपणाने घट्ट होते, ही गोष्ट मघाशी ध्यानात ठेवायला सांगितली होती. हा पापुद्रा रंगाला मेणापेक्षा कितीतरी घट्ट धरून राहतो. मेण काही आठवडे, तर हा वर्ष-दोन वर्षे, नीट निगा राखली तर अधिकही. त्यावर पाणी ठरत नाही. अळवावरचे पाणी आपण क्षणभंगुरतेचे उदाहरण म्हणून देतो. इथे तोच गुण पैसे देऊन विकत घ्यायचा. चिखल चटकन सुटतो, आम्ल थराला लवकर भिडत नाही, आणि तेज खुलते, हे सारे खरे.

परंतु त्याची जाडी? एक-दोन मायक्रॉन, बहुधा त्याहूनही कमी. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर पुढच्या ट्रकमधून उडालेल्या खडीला एक मायक्रॉनची काच थोपवील, असे म्हणणे म्हणजे सोवळ्याने पाऊस थोपवण्यासारखे आहे. इथेच ‘नऊ एच’ हा मंत्र येतो. नऊ म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल कठीण, असे गिऱ्हाइकाला वाटते किंवा वाटू दिले जाते. खनिजांचा कठीणपणा मोजणारी मोहसची १ ते १० ही मोजणी निराळी. तीत कुरुंद ९ वर आणि हिरा १० वर. ‘नऊ एच’ मात्र चित्रकाराच्या पेन्सिलीचा अंक आहे. ठरावीक कोनात धरून पेन्सिल थरावरून ओढायची आणि कोणत्या पेन्सिलीने चरा उमटतो ते पाहायचे, एवढीच ती परीक्षा. म्हणजे अत्यंत कडक पेन्सिलीनेही चरा पडला नाही. पण आपल्या रस्त्यावरच्या धुळीत पेन्सिली नसतात, वाळूचे कण असतात, आणि ते मोहसच्या मोजणीत ७ वर बसतात. त्यांच्यापुढे पेन्सिलीचा हा दिग्विजय टिकत नाही.

आणि हे कण गाडीवर ओढतो कोण? आपणच. सोसायटीच्या आवारात रोज पहाटे एक मनुष्य एका बादलीत आणि एका फडक्यावर वीस-पंचवीस गाड्या पुसतो. पहिल्या गाडीची धूळ पंचविसाव्या गाडीवर जाते. महिन्याला त्याला मिळणारे पैसे आणि त्याला वापरू दिलेले पाणी पाहता त्याने याहून वेगळे काय करावे, हे मला सांगता येणार नाही. पण उन्हात गाडीवर जी कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसतात ती बव्हंशी या फडक्याची. कोटिंगवरही ती पडतात. मग गॅरेजवाला यंत्राने पॉलिश करून ती घालवतो, म्हणजे त्या ४० मायक्रॉनांतले दोन-चार कापून काढतो. असे किती वेळा कापायचे, याला मर्यादा आहे. कोटिंगच्या आधी हे पॉलिश बहुधा होतेच, आणि गिऱ्हाइकाला दिसणारी पुष्कळशी झळाळी त्या पॉलिशची असते. शिवाय बोअरचे जड पाणी कोटिंगवर थेंब धरून उन्हात वाळले की मागे क्षारांची पांढरी कडी उरतात. ती घालवणे सोपे नाही. ज्या गावात टँकरने पाणी येते तिथे हाही विचार करावा.

तेव्हा निवड कशी करायची? माझे मत असे. गाडी बहुतेक शहरातच फिरणारी, पाच-सात वर्षांनी विकायची आणि मालकाला धुण्याचा कंटाळा, तर साधे कोटिंग पुरे. पण ते धुणे सोपे करते म्हणून घ्यावे, दगडापासून वाचवते म्हणून नव्हे. गाडी महामार्गावर सतत पळणारी आणि गडद रंगाची असेल, तर फिल्मचा विचार करावा. मात्र सबंध गाडी गुंडाळण्याची गरज क्वचित असते. खडीचा मार बॉनेटचा पुढचा भाग, बंपर, आरसे आणि चाकांमागच्या कडा यांनाच बसतो. तेवढ्यावर फिल्म आणि उरलेल्या पत्र्यावर हवे तर कोटिंग, असा मध्यम मार्ग पैसा वाचवतो. आणि जुनी, सावलीत उभी राहणारी, मालकाने स्वतःच्या हाताने धुतलेली गाडी असेल तर तिला वर्षातून तीन-चार वेळा मेण पुष्कळ झाले. दिवाळीच्या आधी अर्धा दिवस त्यात घालवणारे सद्गृहस्थ आजही आहेत आणि त्यांच्या गाड्या मला तरी सर्वांत देखण्या दिसतात.

एक गोष्ट गिऱ्हाइकाने मुद्दाम पाहावी, ती म्हणजे काम करणाऱ्याच्या तोंडावर काय आहे. कोटिंगमधले विद्रावक बंद खोलीत छातीत जातात. आणि फिल्म न लावता बंपर पुन्हा रंगवायची वेळ आली, तर गॅरेजमधल्या दोन घटकांच्या रंगातले आयसोसायनेट श्वासाबरोबर आत गेल्याने रंगाऱ्याला कायमचा दमा जडू शकतो, हे वैद्यकाने निर्विवाद सिद्ध केले आहे. तोंडाला नुसता रुमाल बांधलेला मुलगा फवारणी करीत असेल तर ते गॅरेज सोडून दुसरे शोधावे.

आणि पूर्वी अपघातात दुरुस्त होऊन रंगवलेल्या दारावर किंवा बंपरवर फिल्म लावण्याआधी तसे लावणाऱ्याला आवर्जून सांगावे. कारखान्यातला रंग भट्टीत भाजलेला असतो, गॅरेजमधल्या रंगाची पकड तितकी नसते. चार-पाच वर्षांनी फिल्म सोलायला गेले की तिच्या गोंदाबरोबर तो रंगही अस्तरासकट निघून येतो.